सरासरीच्या वाटेने : पिंपळे सौदागर ते बुध

माझा पुतण्या नोकरीनिमित्त पिंपळे सौदागरला राहतो. मागच्या माघात त्याच्याकडे एक मुक्काम करून पुढे साताऱ्याकडे, थोरल्या बहिणीच्या गावी जायचे ठरले होते. आक्काच्या शेतात शाळवाची काढणी होती, आणि "तू आल्याबिगर इळा लावत न्हाई" असा तिचा निरोप होता.

सकाळी चहाचा कप घेऊन सज्जात उभा राहिलो. बारावा मजला. खाली नजर जाईल तिथवर इमारती, मोटारी आणि दुकानांच्या पाट्या. पवना नदीचे पात्र मध्येच कुठेतरी चमकून जाई. पुतण्या म्हणाला, "काका, इथं पूर्वी शेती होती म्हणे. खरं वाटतं का?"

मी म्हटले, "नुसती शेती नव्हती बाबा. शेतकऱ्याच्या हातात वर्षाकाठी काय उरतं, हे आपल्या मुलखात अगदी सुरुवातीला ज्या गावांत घरोघर फिरून मोजलं, त्यातलं हे गाव आहे."

तो हसला. त्याला वाटले, काका गंमत करताहेत. पण ही गंमत नव्हे. आणि त्या दिवशी मी ज्या रस्त्याने साताऱ्याकडे गेलो, त्या साऱ्या रस्त्यावर या मोजणीच्या खुणा पडलेल्या आहेत. वर्तमानपत्रात दर काही दिवसांनी छापून येते की शेतकरी कुटुंबाचे सरासरी उत्पन्न अमुक हजार. तो आकडा येतो कुठून, आणि त्यात आपण किती असतो, याचा उलगडा मला त्या प्रवासात झाला. तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हे चार शब्द.

पवनेकाठचे गाव

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात हॅरॉल्ड मान नावाचे इंग्रज प्राचार्य होते. त्यांनी पिंपळे सौदागर हे गाव निवडले आणि तेथील जमीन, पिके, कर्ज, मजुरी आणि घरखर्च यांची तपशीलवार पाहणी केली. ती १९१७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथमालेतले ते पहिले पुस्तक.

मानसाहेबांनी जुनी दप्तरे काढून पाहिली तेव्हा दिसले, की १७७१ साली, म्हणजे पेशवाईत, या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१५च्या सुमारास सात एकरांवर. तीही एका जागी नव्हे. वाटण्या होत होत तुकडे असे पडले होते की निम्म्याहून अधिक तुकडे एकराच्या आतले होते.

मग त्यांनी प्रत्येक घराचा जमाखर्च मांडला. शेताचे इतके, बाहेरच्या मजुरीचे इतके. वजा सावकाराचे व्याज, वजा अन्नवस्त्र. शंभरावर कुटुंबांपैकी नुसत्या शेतीवर ज्यांचे भागत होते, अशी घरे बोटांवर मोजण्याइतकी निघाली. काहींचे बाहेरची मजुरी धरून भागत होते. उरलेल्या सुमारे दोन-तृतीयांश घरांचा मेळच बसत नव्हता.

कोणी म्हणाले असते की हे गाव शहराला लागून, याचा निकाल साऱ्या दख्खनला कसा लावता? म्हणून मानसाहेबांनी कानिटकर नावाच्या सहकाऱ्याला बरोबर घेऊन शहरापासून दूरचे, कोरडवाहू असे दुसरे गाव निवडले. ते आमच्या शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक. तो अहवाल १९२१ साली आला, आणि तिथली स्थिती पिंपळ्याहून वाईट निघाली. जातेगावावरून आमची एसटी किती वेळा गेली असेल. पण हे ठाऊक व्हायला मला पन्नाशी उलटावी लागली.

एक गोष्ट ध्यानात घ्या. मानसाहेबांनी केवळ सरासरी काढून हात झटकले नाहीत. त्यांनी घरांच्या तीन ओळी लावल्या: भागणारी, बाहेरच्या कमाईने भागणारी आणि न भागणारी. सरासरीपेक्षा ही वर्गवारी पुष्कळ बोलकी होती. पुढे कामाला येणारी गोष्ट आहे, म्हणून सांगून ठेवतो.

सुरूर फाट्यापासून पुसेगावापर्यंत

स्वारगेटला साताऱ्याची गाडी धरली. खंबाटकीचा घाट ओलांडला की थोड्या वेळाने सुरूर फाटा लागतो. तिथून उजवीकडे वाईचा रस्ता. बरेच प्रवासी महाबळेश्वरसाठी तिथे वळतात. मला मात्र त्या फाट्यावर धनंजयराव गाडगीळ आठवतात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विख्यांच्या खांद्याला खांदा लावणारे गाडगीळ ते हेच. त्यांच्या संस्थेने वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी केली आणि ती १९४० साली प्रसिद्ध झाली. एका गावाच्या जागी आता सारा तालुका आला होता. तालुक्यात कृष्णाकाठची बागायत आली, डोंगरउताराची वरकस जमीनही आली. मोठी जमीन आली, दोन बिघेवालाही आला.

साताऱ्याला गाडी बदलली. कोरेगाव मागे पडले, की वर्धनगडाचा घाट येतो. घाट चढून पलीकडे उतरले की मुलूख पालटतो. कृष्णेचा हिरवा पट्टा पाठीमागे राहतो आणि खटावचे माळ सुरू होतात. पाऊस कमी, आणि तोही लहरी. शाळू, हरभरा आणि बाजरी ही इथली जुनी पिके. पुसेगावला सेवागिरी महाराजांचे देवस्थान आहे; तिथे उतरून दर्शन घेतले. जवळच कटगुण. महात्मा जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचे गाव. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. शेतकऱ्याच्या घरी आत जाऊन त्याचे अंथरूण-पांघरूण आणि चुलीवरचे भांडे डोळ्यांनी पाहा, मग त्याच्याबद्दल बोला, हे सांगणारा तो पहिला माणूस. उत्पन्नाच्या मोजणीची खरी सुरुवात मला तरी तिथेच दिसते.

दाजी मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभे होते. "पाव्हणं, झ्याक दिवशी आलासा," ते म्हणाले. "उद्या आपल्या शाळवात सरकारी माप हाय."

दहा बाय पाचचा तुकडा

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात पाच-सहा माणसे जमली. कृषी खात्याचे सहायक होते, तलाठी होते (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), विम्याचा माणूस होता. सोबत फीत, चार खुंट्या, सुतळी, ताडपत्री आणि वजनकाटा. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. दर हंगामात राज्यभर असे हजारो प्रयोग होतात. महसूल, कृषी आणि जिल्हा परिषद ही तिन्ही खाती ते काम वाटून घेतात.

दाजींचे शेत कोणी शिफारस करून घेतले नव्हते. गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात, गावातला गट क्रमांकही तसाच. शेतात आल्यावरसुद्धा जागा मनाने ठरवायची नाही. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे. तक्त्यात जो आकडा येईल तितकी पावले लांबीकडे आणि जो येईल तितकी रुंदीकडे चालायचे. जिथे पाय थांबेल तिथे पहिली खुंटी.

पाय थांबला तो नेमका बांधाजवळच्या मुरमाड जागी. ताटे गुडघ्याच्या थोडी वर. दाजींचा जीव कासावीस झाला. "सायब, जरा तिकडं घ्या की. तिकडं बघा कसा शाळू डोक्याला लागतोय."

तेवढ्यात शेजारचे एक म्हातारबाबा पुढे झाले. "गप रं. हितंच घ्या सायब. उतार कमी लागला तर विमा बसंल समद्यांला." विम्यात उंबरठा उत्पादन म्हणून एक आकडा ठरलेला असतो. मंडळाचा उतारा त्याच्या खाली गेला, तरच भरपाई मिळते. म्हातारबाबांचा हिशेब पक्का होता.

एकाला उतारा चांगला दिसावा असे वाटत होते, दुसऱ्याला कमी. सहायक दोघांकडे पाहून हसले. "आजोबा, चांगलं दिसलं म्हणून तिकडं न्यायचं नाही, आणि वाईट दिसलं म्हणून हितं धरून ठेवायचं नाही. पाय थांबला तिथं खुंटी. नाहीतर मग मोजायचं कशाला? घरी बसून लिहिलं असतं."

दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद अशी सुतळी ताणली. दोरीवर आलेल्या ताटांचा निवाडा बुंध्यावरून: बुंधा दोरीच्या आत असेल तर ताट आपले, बाहेर असेल तर नाही. आतली कणसे खुडली, ताडपत्रीवर बडवली, उफणली आणि दाणे काट्यावर ठेवले. चार किलो अडीचशे ग्रॅम. पन्नास चौरस मीटरचा तुकडा, म्हणजे हेक्टरात असे दोनशे. दोनशेने गुणले, साडेआठ क्विंटल. एकराला साडेतीनच्याही आत. त्यातून ओल जायची असते, म्हणून थोडे दाणे उन्हात वाळवून पुन्हा वजन करायचे. मोबाइलवर फोटो, जागेची नोंद आणि सह्या झाल्या. दाजींनी मान हलवत सही केली.

पण त्याच गावात दुसरा प्रयोग दुसऱ्या शेतात झाला, आणि तिथे पाय काळ्या जमिनीत थांबला. असे अनेक मिळून मग मंडळाचा, तालुक्याचा आणि जिल्ह्याचा उतारा ठरतो. एका शेतावर अन्याय होतो. शेकडो शेतांत तो निघून जातो. अट एकच: कोणी खुंटी मनाने हलवता कामा नये.

पैसेवारी ही यापासून वेगळी. तिच्यासाठी गावची समिती असते. पूर्वी पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे धरीत, म्हणून तिला आणेवारी म्हणत. दशमान नाणी आल्यावर पैसेवारी झाली. प्रमाण उत्पन्नाशी यंदाचे पीक ताडून पाहायचे. पन्नास पैशांच्या आत आले तर महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती आणि मुलांच्या परीक्षा फीची माफी अशा सवलती लागतात. म्हणजे शेतातल्या मापाला किती घरांचे दैव बांधलेले आहे पाहा.

बुधचा पुत्र

दुपारी दाजींना म्हटले, बुधला जाऊन येऊ. त्यांना नवल वाटले. "बुधात काय काम?"

काम काही नव्हते. पण ज्या मापाने सकाळी शेत मोजले, ते माप घडवणाऱ्यांपैकी एक माणूस त्या गावचा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म २७ जुलै १९११, बुध. खटाव तालुक्यातल्या या माळरानातला मुलगा लंडनला संख्याशास्त्र शिकला आणि परत येऊन दिल्लीच्या कृषी अनुसंधान परिषदेत पीकमोजणीच्या कामाला लागला. दुसऱ्या महायुद्धाचा काळ. १९४३चा बंगालचा दुष्काळ. देशात धान्य किती पिकते, हे कोणाला धड सांगता येईना. तोवर पीक किती आले ते गावकामगार नजरेने ठरवीत. सुखात्म्यांनी आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी चिठ्ठीच्या निवडीची कापणी रुजवली. दोघांनी मिळून लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक शेतकी महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या वाचले गेले.

तेव्हा एक वाद गाजला. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबीस हे या विद्येतले मोठे नाव. ते लहान तुकडे पुष्कळ घ्या म्हणत. सुखात्म्यांनी प्रयोग करून दाखवले, की तुकडा फार लहान घेतला तर उतारा वाढून दिसतो. का? तर दोरीवरचे ताट. कापणारा माणूस कितीही प्रामाणिक असो, काठावरचे टपोरे कणीस त्याचा हात आत ओढतो. तुकडा लहान असेल तर त्याच्या मानाने काठ जास्त, म्हणून चूकही जास्त. तुकडा मोठा घेतला की काठाचा हा दोष कमी होतो. १९४६ साली त्यांनी हे जगापुढे मांडले. मला हे वाचून सकाळचा तो बुंध्याचा निवाडा कळला. खेड्यात वाढलेल्या माणसालाच सुचावे असे ते शहाणपण आहे. सुखात्मे पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले, तिथे संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले, आणि निवृत्तीनंतर पुण्याला परतले. १९९७ साली ते वारले.

गावात फेरी मारली. देवळापुढे पारावर माणसे बसली होती. हरभऱ्याच्या भाववाढीची चर्चा चालू होती. सुखात्म्यांचे नाव काढल्यावर एक वृद्ध म्हणाले, "व्हय, आमच्याच गावचं. लई मोठ्ठं झालं." एवढे ऐकून बरे वाटले.

पीक मोजले, घर राहिले

परत येताना दाजींनी नेमका प्रश्न विचारला. "पाव्हणं, ज्वारी मोजली ते समजलं. पर आमचं उत्पन्न कुणी मोजलं?"

प्रश्न खरा आहे. दरवर्षी जे होते ते असे. उताऱ्याला पेऱ्याच्या क्षेत्राने गुणतात. पेरा सातबाऱ्यावरून आणि पीक पाहणीवरून कळतो; १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची आहे, तिला ई-पीक पाहणी म्हणतात. मग उत्पादनाला भावाने गुणायचे, त्यातून बी, खते, औषधे आणि डिझेल वजा करायचे. हा झाला राज्याच्या शेतीचा हिशेब. तो अर्थसंकल्पाच्या आधी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' या अहवालात दरवर्षी छापून येतो. पण हा राज्याचा आकडा. त्यात ज्वारी दिसते, आक्का दिसत नाही.

दुसरे काम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. लागवडीच्या खर्चाची ही योजना देशात १९७०-७१ सालापासून चालू आहे. निवडलेल्या गावांत विद्यापीठाचा माणूस ठरावीक शेतकऱ्यांकडे वर्षभर फिरतो आणि बैल किती तास, बाई किती दिवस, खत किती पोती, सारे लिहून घेतो. हमीभाव सुचवणारा आयोग याच नोंदी वापरतो. घरच्या माणसांची मजुरी धरायची की नाही, स्वतःच्या जमिनीचा खंड धरायचा की नाही, यावरून जी भांडणे आपण वाचतो ती याच वहीतली.

आणि तिसरे काम म्हणजे साऱ्या घराचा हिशेब. तो केंद्राच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत होतो. पण दरवर्षी नाही. आजवरचे तीन मोठे हिशेब २००३, २०१२-१३ आणि २०१८-१९ या वर्षांचे. देशातल्या शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न त्यांत अनुक्रमे २,११५, ६,४२६ आणि १०,२१८ रुपये निघाले. शेवटच्या पाहणीत महाराष्ट्राचे ११,४९२, पंजाबचे २६,७०१ आणि झारखंडचे ४,८९५.

आक्काची वही

रात्री जेवणे झाली. आक्का ओसरीवर दुधाची वही घेऊन बसली. तिच्या दोन म्हशी आहेत. सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर, फॅट आणि रक्कम. पेंडीचे पोते कधी आणले, डॉक्टरला काय दिले. अक्षर ओबडधोबड, पण एक दिवस सुटलेला नाही.

ती वही पाहून मला माझी एक जुनी चूक टोचू लागली. आक्काला ती सांगितली, वाचकांनाही सांगतो.

२०१९ साली त्या पाहणीचे लोक आमच्या गावात आले होते. चिठ्ठीत आमचे घर निघाले. त्यांचा माणूस वर्षात दोनदा आला. पहिल्यांदा उन्हाळ्यात आला आणि आधीच्या वर्षीच्या जुलै ते डिसेंबरचे विचारू लागला. बाजरी किती झाली? कांदा किती विकला, काय भावाने? मला काय आठवणार! शिवाय मनात पाप. वाटले, जास्त सांगितले तर एखादी सवलत जाईल. कांद्याच्या दोन गाड्या विकल्या होत्या, एक सांगितली. दुधाचे विचारले तर म्हटले, "घरापुरतंच." आतून आई म्हणाली, "आरं, डेअरीला जातंय की." मी तिला डोळ्यांनी गप्प केले. तो बिचारा लिहून घेऊन गेला. दुसऱ्या खेपेलाही मी तेच केले.

सप्टेंबर २०२१ मध्ये अहवाल आला. वर्तमानपत्रात वाचले, १०,२१८ रुपये. आणि त्याची फोड वाचून मी गप्प झालो. मजुरीचे व पगाराचे ४,०६३. पिकांचे ३,७९८. जनावरांचे १,५८२. इतर धंद्याचे ६४१. जमीन खंडाने दिल्याचे १३४. शेतकरी म्हणून ज्या घराची नोंद, त्या घरात पिकापेक्षा मजुरी जास्त! २०१२-१३ साली पिकाचे ३,०८१ होते, म्हणजे सहा वर्षांत सातशे-सव्वासातशे रुपये वाढले. मधली महागाई धरली तर खरे म्हणजे घटलेच. मानसाहेबांना पवनेकाठी दिसली होती ती दुसरी ओळ, बाहेरच्या कमाईने भागणारी घरे, ती शंभर वर्षांनी साऱ्या देशाची सरासरी झाली होती.

आणि या आकड्यात माझा खोटेपणाही मिसळलेला होता. पाहणी झाली ती देशातल्या सुमारे ५८ हजार घरांची. म्हणजे एकेका घराच्या उत्तरावर हजारो घरांचा भार. मी आईचे दूध लपवले ते तिचे एकटीचे नव्हते. आमच्यासारख्या हजारो घरांतल्या बायांचे कष्ट मी एका नजरेने पुसले. १,५८२ मध्ये ती बाई जितकी दिसायला हवी, तितकी दिसत नाही. त्यात माझाही हात आहे.

आक्का ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग आमच्या राबण्याचं काय धरत्यात?" मी सांगितले, की वर दिलेल्या हिशेबात फक्त खिशातून गेलेला खर्च वजा केला आहे. घरच्या माणसांची मजुरी, घरचे बी, घरचे शेणखत यांची किंमत धरून वजा केली, तर तेच १०,२१८ उतरून ८,३३७ होतात. दोन्ही आकडे त्याच अहवालात आहेत. पहिला सांगतो घरात काय आले; दुसरा सांगतो, आपलेच कष्ट विकत घ्यावे लागले असते तर काय उरले असते.

दाजी म्हणाले, "पर आमचं काय दहा हजार हाईत व्हय?" मी म्हटले, दाजी, समजा पाच घरे आहेत. चार घरांना महिन्याला पाच-पाच हजार मिळतात, पाचव्याला ४५ हजार. सरासरी तेरा हजार. तेरा हजार मिळवणारे घर त्या गल्लीत एकही नाही. सरासरी खोटी नसते, पण ती कोणाच्याच घरी राहत नाही. म्हणून आकडा वाचताना विचारावे, यात कोण धरले आहे. २०१८-१९च्या पाहणीत वर्षाला चार हजारांहून जास्त शेतीमाल काढणारे घर शेतकरी धरले; आधीच्या वेळी ती मर्यादा तीन हजार होती. नाबार्डनेही स्वतःची पाहणी केली आणि २०२१-२२साठी १३,६६१ रुपये काढले. पण त्यांची मर्यादा साडेसहा हजारांची आणि त्यात लहान शहरेही आली. चाळणी वेगळी, तर खाली पडणारे धान्यही वेगळेच. दोन्ही आकडे शेजारी ठेवून 'उत्पन्न इतके वाढले' म्हणणे बरोबर नाही.

निघताना

दुसऱ्या दिवशी पुसेगावात गाडीची वाट पाहताना दुकानातून दोनशे पानी दोन वह्या घेतल्या. एक दाजींच्या हाती दिली. "दुधाचं आक्का लिहिते, शाळवाचं तुम्ही लिहा." ते हसले, पण वही कोपरीच्या खिशाला लावून धरली. दुसरी माझी. घरी आल्यावर पहिल्या पानावर चार रकाने पाडले: तारीख, आले, गेले, आणि घरचे कष्ट कोणाचे किती. चौथ्या रकान्यात पहिली नोंद आईची केली.

शेतकरी बंधू-भगिनींनो, शेतात खुंटी ठोकायला माणूस येईल तेव्हा त्याला पाय थांबेल तिथे ठोकू द्या. दारात वही घेऊन माणूस येईल तेव्हा त्याला घरातल्या बाईलाही विचारू द्या. तो आकडा वर जातो. त्यावर भाव ठरतात, विमा ठरतो आणि आपल्याविषयीचे मतही ठरते. कमी सांगितले तर आपण लबाड ठरतो, जास्त सांगितले तर सुखवस्तू. खरे सांगायचे, तर आधी ते आपल्याला स्वतःला माहीत हवे. आणि माहीत व्हायला एक वही पुरते.